गल्ल्यावर बसून कादंबरी लिहिता येते का?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई एकोणचाळीस वर्षांच्या आहेत. डी. फार्म. झालेल्या आहेत आणि एका तालुक्याच्या गावी नवऱ्याबरोबर मेडिकल दुकान चालवतात. परवाना त्यांच्या नावावर आहे. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ त्या काउंटरवर असतात. मधल्या वेळात दुकान बंद, पण घर चालू. दोन दिवाळी अंकांत त्यांच्या कथा आल्या आहेत. एक कादंबरी चार वर्षांपासून एकशे बारा पानांवर अडली आहे. तिची नायिका पुण्यात साहित्य शिकवणारी प्राध्यापक आहे. आता ओळखीतून एक काम सांगून आलं आहे: आरोग्यविषयक मजकूर लिहायचा, महिन्याला चाळीस लेख, घरी बसून, अठ्ठावीस हजार रुपये. त्याच सुमारास त्यांना कुणीतरी एक यादी पाठवली, मोठे लेखक लेखक होण्याआधी काय काम करत होते याची. ती वाचून त्यांना धीर यायच्या ऐवजी रडू आलं. त्या विचारतात, ‘त्या सगळ्यांनी आपापलं काम कधीतरी सोडलं, म्हणून ते लेखक झाले ना? मग मी दुकान सोडून हे लिहिण्याचं काम धरू? की सरळ एक वर्ष सगळंच बंद ठेवून कादंबरी पुरी करू?’ पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी एका गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं आहे. एक आजोबा पाच औषधांची चिठ्ठी घेऊन येतात आणि काउंटरवर वाकून हळूच विचारतात, ‘ह्यातली कुठली गोळी न्हाई घेतली तर चालंल?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्या आजोबांपाशी थांबले. त्यांच्याकडे मी परत येणार आहे, पण आधी त्या यादीबद्दल बोलू, कारण तुमचं दुःख तिथून सुरू झालं आहे.

अशा याद्या मीही पाहिल्या आहेत. हा टॅक्सी चालवायचा, तो कारकून होता, ती शिक्षिका होती. प्रत्येक ओळीत एक शब्द असतो, ‘आधी’. लेखक होण्याआधी. जणू एका सकाळी माणूस गिरणीतून बाहेर पडला आणि दुपारी लेखक होऊन घरी आला. मला माहीत असलेल्या मराठी लेखकांपैकी जवळजवळ कुणाचंच आयुष्य असं घडलेलं नाही. त्यांचं काम आणि लेखन पुढेमागे उभं नव्हतं, शेजारी शेजारी बसलं होतं.

श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. ‘गारंबीचा बापू’ 1952 साली आली, ‘रथचक्र’ 1962 साली, आणि या दोन्ही वेळी ते नोकरीतच होते. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबईतल्या कचेरीत काम करत होते. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत राहिले आणि त्याच वर्षांत त्यांच्या कथा लिहिल्या गेल्या. वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले आणि अठरा वर्षं तिथे राहिले, तिथल्या गरिबीत, तिथल्या मुलांत. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या त्या काळातल्या आहेत. यांतल्या कुणाच्या नोकरीपुढे ‘आधी’ लावायचं?

आणि आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा करत होते. सेना न्हावी यांच्या अभंगात आरसा आणि चिमटा येतो, तो त्यांच्या धोकटीतलाच. तुकोबांचं तर दुकान होतं, मैत्रिणी. दुष्काळात ते बसलं. कर्जखतांचा आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला आणि भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला देऊन टाकला, असं परंपरा सांगते.

याच कान्होबाच्या तोंडून तुकोबांची कहाणी सांगणारी ‘आनंदओवरी’ कुणी लिहिली? दि. बा. मोकाशींनी. ते पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. रेडिओ उघडा पडला आहे, गिऱ्हाईक ‘कधी देताय?’ म्हणून विचारतंय आणि माणूस मनात देहूला आहे, हे चित्र मी कित्येकदा डोळ्यांपुढे आणते. अशीच दुसरी माणसं सांगते, कारण तुम्ही दुकानदार आहात आणि तुम्हाला दुकानदारांचीच संगत हवी.

निपाणीचे महादेव मोरे. गॅरेजात काम केलं, टॅक्सी चालवली, पुढे पिठाची गिरणी चालवली. पट्ट्याच्या आवाजात, अंगावर पीठ उडत असताना त्यांनी लिहिलं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, ड्रायव्हर, मेकॅनिक ही सगळी माणसं मराठी कथेत आली ती त्यांच्या हातून, कारण ती त्यांच्या दारातून रोज जात-येत होती.

आणि बेबी कांबळे. फलटणला त्यांचं छोटंसं दुकान होतं. माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या. नवरा माल आणायला गेला की गल्ल्यावर बसून वहीत लिहायच्या आणि तो यायच्या आत वही लपवायच्या. एक-दोन महिने नाही, वीस वर्षं ते लिखाण लपून राहिलं. फलटणला आलेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना त्याचा सुगावा लागला, त्यांनी भरीस घातलं, आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आलं. तुमच्या प्रश्नाचं, म्हणजे गल्ल्यावर बसून लिहिता येतं का याचं, याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

पण इथे मला स्वतःलाच थांबवायला हवं. या गोष्टी ऐकून कुणी म्हणेल, ‘बघा, कष्टातूनच साहित्य येतं, तेव्हा राबा.’ हे मला मान्य नाही. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आले, मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले. त्यांनी ‘फकिरा’ लिहिली आणि पन्नाशीही न गाठता 1969 साली हलाखीत गेले. नारायण सुर्वे गिरणीत होते, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग तशाच शाळेत शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 साली आलं तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले होते. हे काम त्यांनी अनुभव गोळा करायला धरलं नव्हतं. पोटासाठी धरलं होतं. त्यांना थोडी सवड मिळाली असती तर आणखी काय काय वाचायला मिळालं असतं, याची मला हळहळ वाटते. बेबीताईंच्या वीस वर्षांच्या लपवाछपवीचंही मला कौतुक करवत नाही. कौतुक लिखाणाचं आहे, लपवावं लागलं याचं नाही.

शिवाय काही माणसांना दोन्ही जमतच नाही. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खानावळ चालवत. त्यांचं मन कवितेत, आणि खानावळ काही टिकली नाही. पुढे ते मुंबईला आकाशवाणीत गेले. तेव्हा ‘सगळ्यांनी केलं, तुम्हीही करा’ असं मी म्हणणार नाही. मला तुम्हाला विचारायचं आहे ते वेगळंच: दुकान तुमचं नेमकं काय घेतं?

वेळ घेतं, हे तुम्ही लिहिलंच आहे. पण तुमच्या पत्रातली दुपार मी नीट मोजली. दुकान दोनला बंद होतं, पाचला उघडतं. त्या तीन तासांत जेवण, भांडी, सासूबाईंची औषधं, मुलीचा अभ्यास, एक्स्पायरीचा माल वेगळा काढणं आणि स्टॉकिस्टची बिलं लावणं बसतं. यात दुकानाचं काम किती आणि घराचं किती? मला तर असं दिसतं की कादंबरीचा वेळ दुकानापेक्षा घराने जास्त घेतला आहे. तुम्ही राजीनामा द्यायला निघालात तो दुकानाचा. दुकान सोडून घरी बसून लेख लिहू लागलात, तर ‘ती घरीच तर असते’ म्हणून आणखी चार कामं अंगावर येतील, याची मला खात्री वाटते. घरून काम करणाऱ्या बायकांची पत्रं मला सतत येतात, आणि प्रत्येकीचं दुखणं हेच असतं.

म्हणून पहिली गोष्ट. आठवड्यातल्या दोन दुपारी मागून घ्या. मंगळवार आणि शुक्रवार म्हणा. त्या दोन दिवशी तीन ते पाच तुम्ही नाही. एक्स्पायरीचा माल आणि बिलं नवऱ्याकडे, कारण त्या कामाला परवाना लागत नाही. सासूबाईंची औषधं मुलगी देऊ शकते, नववीतली आहे. हे घरात सांगताना ‘जमलं तर’ असं म्हणू नका. दुकानाच्या वेळेची पाटी असते, तशी पाटी लावा. घरी बसणं अशक्य असेल तर बंद शटरच्या आत बसा. पंखा आहे, उजेड आहे, आणि दुपारी दार ठोठावणारा ‘बंद आहे’ असं समजून निघून जातो. मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गातला पाऊण तास मला घरातल्या अख्ख्या रविवारपेक्षा जास्त देऊन गेला आहे.

आता त्या अठ्ठावीस हजारांच्या कामाबद्दल. तुम्हाला ते कादंबरीच्या जवळचं वाटतंय, कारण दोन्हीकडे लिहायचंच आहे. मला ते दुकानापेक्षा दूरचं वाटतं. चाळीस लेख म्हणजे सुट्ट्या धरल्या तर दिवसाला जवळजवळ दोन. मधुमेहात काय खावं, पावसाळ्यात काय टाळावं. दुकानात तुमचे पाय दुखतात, पण शब्द शिल्लक राहतात. तिथे पाय शाबूत राहतील आणि रात्री कादंबरी उघडाल तेव्हा मनात उरलेलं प्रत्येक वाक्य त्या लेखांच्याच चालीवर येईल. हे सर्वांना लागू नाही, हेही सांगते. शांता शेळके अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात पाच वर्षं होत्या आणि रोजच्या लिहिण्याने हात तयार होतो तो त्यांचा झाला. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात होते आणि मराठीत आणि इंग्रजीतही कविता लिहीत राहिले. पण कोलटकर तिथे मुख्यतः चित्रांचं, मांडणीचं काम करत. शब्द त्यांनी स्वतःसाठी राखले होते, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

रोजच्या लिहिण्याने हात तयार होणाऱ्यांतल्या तुम्ही आहात की शब्द संपणाऱ्यांतल्या, हे पत्रावरून मला कळणार नाही, तुम्हालाही एकदम कळणार नाही. त्यामुळे हो म्हणण्याआधी एक महिना त्यांना सांगा, ‘मी नमुन्यादाखल आठवड्याला दोन लेख देते, तेवढ्याचे पैसे द्या.’ मान्य केलं तर त्या महिन्यात कादंबरीची किती पानं झाली ते बघा. मान्य केलं नाही, तर त्यांना घाई आहे एवढं कळलं. आणि एक कागदावर मांडून बघा: तुम्ही काउंटरवरून उठलात तर दुकानात दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट ठेवावा लागेल, त्याशिवाय औषधं विकता येत नाहीत. त्याचा पगार त्या अठ्ठावीस हजारांतून वजा करा. उरेल त्या आकड्यासाठी तुम्ही एवढं सगळं हलवणार आहात का?

एक वर्ष सुट्टीचं म्हणाल तर तिथेही तोच पगार आहे, आणि समोर मुलीची दहावी. पण पैसा बाजूला ठेवला तरी मला त्या वर्षाची भीती वाटते. ज्या कादंबरीने चार वर्षं हालचाल केली नाही, तिच्यासमोर तुम्ही रोज सकाळी रिकाम्या हातांनी बसाल. दर महिन्याला घरातलं कुणीतरी, प्रेमानेच, विचारेल, ‘कुठपर्यंत आलं?’ वर्ष मागू नका. पंधरा दिवस मागा. तुमच्या ओळखीतला एखादा निवृत्त फार्मासिस्ट पंधरा दिवस काउंटर सांभाळायला येईल. त्या पंधरा दिवसांत नवीन काही लिहू नका. ती एकशे बारा पानं मोठ्याने वाचा.

कारण मला शंका आहे, ती बोलून दाखवते. कादंबरी वेळ नाही म्हणून अडली आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. पुण्यातली साहित्याची प्राध्यापक तुम्ही किती पाहिली आहे? ती सकाळी उठून काय करते, तिच्या पर्समध्ये काय असतं, ती कुणाला घाबरते? तुमच्या पत्रात तिच्याबद्दल चार ओळी आहेत, नीटनेटक्या. आणि त्या आजोबांबद्दल तीनच ओळी आहेत, पण त्यांत त्यांचं वाकणं आहे, आवाज खाली घेणं आहे, पाचातली एक गोळी गाळली तर किती पैसे वाचतील हा मनातला हिशोब आहे. ते लिहिताना तुम्ही लिहिण्याचा विचारही करत नव्हतात.

माझा अंदाज असा की तुम्हाला कुठेतरी वाटतं, साहित्य पुण्यात असतं, कॉलेजात असतं, आणि मेडिकल दुकानात नुसत्या पट्ट्या असतात. रशियन कथाकार चेखॉव्ह डॉक्टर होते. 1892 साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ते मेलिखोव्होच्या आसपासच्या खेड्यांत फिरून रोग्यांना बघत होते. त्यांच्या कथांतले शेतकरी, आजारी बायका, थकलेले डॉक्टर त्यांना कुठून शोधून आणावे लागले नाहीत. उद्या उठून दुकानावरच कादंबरी लिहा, असं मी सांगत नाही. मोकाशींनी तुकोबांवर लिहिलं, रेडिओवर नाही. पेंडसे बेस्टमध्ये बसून कोकण लिहीत होते. प्राध्यापक बाई कादंबरीत राहू दे. पण तिला एकदा औषध घ्यायला तुमच्या दुकानात पाठवून बघा, ती तिथे काय बोलते ते.

आता एक जबाबदारीची गोष्ट, आणि ती डॉक्टर, नर्स, आशाताई, बँकेत बसणारे, पोलीस अशा सगळ्यांसाठी आहे. तुमच्या काउंटरवर लोक जे बोलतात ते तुमच्यातल्या लेखिकेला सांगत नसतात. गोळ्यांच्या नावावरून तुम्हाला कुणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. तालुक्याचं गाव म्हणजे चार खुणा दिल्या की माणूस ओळखू येतो. तेव्हा माणूस तसाच्या तसा उचलू नका. तिघांचं एक करा, वय बदला, आजार बदला, गल्ली बदला. चिठ्ठीवरचं नाव वहीत कधीच उतरवू नका. उतरवायचं ते वाक्य, हाताची हालचाल, मागे उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा. यासाठी वेगळी वही नसली तरी चालेल. रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला की आतली बाजू पांढरी असते. दिवसाला एक पुठ्ठा, दोन ओळी, गल्ल्याच्या खालच्या खणात. मी पोषण आहाराच्या जुन्या, संपलेल्या रजिस्टरांची मागची पानं वापरायची. महिन्याअखेरीला ते पुठ्ठे त्या मंगळवारच्या दुपारी समोर पसरा. बहुतेक टाकून द्यावे लागतील.

कादंबरी मागे ठेवून मधे एक कथा लिहिलीत तरी तो पळपुटेपणा नव्हे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा जूनच्या आत पाठवा. दोन अंकांनी तुम्हाला आधी छापलं आहे, त्या संपादकांना पुन्हा लिहा, ओळख द्यायला लाजू नका. आणि नवऱ्याला ती कथा पाठवण्याआधी वाचायला द्या. तो रोज त्याच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. तुम्ही काय पाहता हे त्याला बहुतेक माहीतच नसेल. दुपार सोडायला तो त्यामुळे जास्त राजी होईल, असंही मला वाटतं.

एक मात्र तुमच्या पत्रात नाही, आणि ते मी शोधत राहिले. आजोबांनी विचारलं, ह्यातली कुठली गोळी नाही घेतली तर चालेल. तुम्ही फार्मासिस्ट आहात, तुम्हाला माहीत आहे की कुठलीच नाही. त्यांच्या खिशात किती पैसे होते तेही तुम्हाला दिसत होतं. मागे रांग असेल, नवरा बघत असेल, उधारीची वही हाताशी असेल.

तुम्ही त्यांना काय सांगितलंत? मला ते वाचायचं आहे.